लोणारच्या हॉटेलातल्या भाकरी

माझे बाबा आमच्या घरी येतात तेव्हा सोबत पाण्याची कॅन आणतात. निळ्या झाकणाची, वर कडी असलेली, प्रवासात लोक नेतात तसली. आम्ही नाशिकला राहतो आणि ते डोणगावला, मेहकर तालुक्यात. वर्षातून एकदा आई आणि ते येतात, मुक्काम माझ्या चुलत काकांकडे करतात आणि सकाळी तिथून डबा बांधून, कॅन भरून आमच्याकडे येतात. दिवसभर बसतात, जावयाशी गप्पा मारतात, जेवायच्या वेळी आमच्याच टेबलावर स्वतःचा डबा उघडतात. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत जातात. सोसायटीतल्या लोकांना सुरुवातीला वाटायचं, म्हाताऱ्याला पोटाचं काहीतरी दुखणं असावं.

दुखणं नाही, रीत आहे. लेकीला मूल होत नाही तोवर बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आमच्याकडची जुनी रीत, गावात बऱ्याच जणांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली. बाबांनी ठेवली नाही. एरवी ते काही कर्मठ गृहस्थ नव्हेत. उपास करत नाहीत, आणि देवळात गेलेच तर देवापेक्षा सभामंडपातल्या पंख्याची चौकशी जास्त करतात. पण ते गावातले पंच. बांध कोणी कोरला, विहिरीवरची पाळी कोणाची, पडलेलं झाड कोणत्या भावाचं, असली भांडणं वर्षानुवर्षं त्यांच्या ओसरीवर येत आली. असा माणूस स्वतःपुरता नियम सैल करत नाही. "म्या मोडला तं उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याले सांगू?" असं ते विचारतात.

अडचण एवढीच की मला मूल झालं नाही. लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली. दवाखाने झाले, मग एक दिवस आम्ही दोघांनी ठरवून दवाखाने थांबवले, आणि आता आम्ही त्याबद्दल जेवढं लोकांना वाटतं तेवढा विचार करत नाही. बाबांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही. आईलाही विचारू दिलं नाही. फक्त कॅन येत राहिली. त्यांना ती नुसती कॅन वाटत असेल. मला मात्र ती दारात दिसली की कोणीतरी दरवर्षी न चुकता तोच प्रश्न विचारून जातंय असं वाटायचं, आणि राग यायचा. स्पष्टच सांगायचं तर खूप राग यायचा.

मी वाद घालून पाहिला. एका वर्षी जेवण बाहेरून मागवलं आणि म्हटलं, हे तर माझ्या घरचं नाही. बाबांनी डबे बघितले, दाराकडे बघितलं आणि विचारलं, "पैसे कोणाचे?" संपलं. दुसऱ्या वर्षी समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी त्यांना आग्रहाने बोलावलं, तर तिथे जाऊन ते पोटभर जेवले, वर कढी मागून प्यायले. आमच्या दारापासून ते दार चार पावलांवर आहे. मी उंबऱ्यात उभी राहून त्यांची ढेकर ऐकली. आईने मात्र स्वतःपुरता निकाल लावून घेतला आहे की चहा हा अन्नातही बसत नाही आणि पाण्यातही बसत नाही. आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ती दोन कप चहा पिते, आणि बाबा त्या वेळी पेपर जरा उंच धरतात.

एवढं सांगितल्यावर आता लोणारचं सांगता येईल.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही डोणगावला गेलो होतो. सोयाबीन निघून गेलं होतं, कापूस वेचणीला आला होता, घरात पाहुणे येऊन गेले होते आणि सगळे जरा रिकामे होते. माझ्या नवऱ्याला लोणारचं सरोवर बघायचं होतं. तो नाशिकचाच, त्याच्या दृष्टीने आकाशातून दगड पडून झालेला एवढा मोठा खड्डा सासुरवाडीच्या इतक्या जवळ असणं ही मोठीच मिळकत. आम्हाला त्याचं काही नाही. बाबा तिथे लहानपणी एकदा नवरात्राच्या जत्रेला बैलगाडीतून गेले होते, त्यानंतर जायची वेळच आली नाही. जवळ आहे, कधीही जाता येईल, म्हणून राहून गेलं. नवऱ्याने सुचवलं की दोन दिवस चौघेही जाऊ, तिथेच लॉजवर राहू, सुट्टी म्हणून. आईने आयुष्यात लॉज आतून पाहिला नव्हता. तिने त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

बाबांनी एक अट घातली. या जिल्ह्यात आम्ही त्यांचे पाहुणे, तेव्हा राहण्या-जेवण्याचं सगळं त्यांच्याकडे. जावयाने खिशात हात घालायचा नाही. माझ्या लक्षात आलं की हीसुद्धा कॅनच आहे, वेगळ्या आकाराची. जावयाने जेवण दिलं तर ते लेकीचं अन्न होईल, म्हणून आधीच बंदोबस्त. नवरा म्हणाला, "बरं मामा," आणि खरोखरच दोन दिवस त्याने खिशात हात घातला नाही, अगदी रुमालासाठीसुद्धा जपून घालत होता.

सरोवर मी आधी पाहिलेलं होतं. काठावरून खाली बघितलं की झाडीची एक मोठी वाटी दिसते आणि तळाशी हिरवट पाणी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मी जरा घसा साफ करून हे पाणी खारट आणि अल्कधर्मी कसं, त्यात काय जगतं आणि काय जगत नाही, ते सांगायला लागले. नवरा दुर्बीण लावून मोर शोधत होता. आई रेलिंगला पाठ करून बसली होती, तिला खोल बघितलं की गरगरतं. ऐकणारे एकटे बाबा. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "म्हंजे एवढं पाणी, अन् प्याले एक घोट नाई."

मी म्हटलं, "आमच्या घरासारखं."

नवऱ्याने दुर्बीण खाली घेतली. बाबा माझ्याकडे बघून हसले, म्हणजे मिशीचा एक कोपरा हलला. समोरच्याचा मुद्दा आवडला तर पंच म्हणून ते असंच हसतात, पण त्याने निकाल बदलत नाही.

लॉजमध्ये जेवणाची सोय नव्हती. लॉजवाल्याने मेहकरच्या रस्त्यावरचं एक हॉटेल सांगितलं, घरगुती आहे म्हणाला. दिवस मावळताना आम्ही तिथे पोचलो. पुढे टिनाची शेड, तिच्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबलं, मागे विटांचं स्वयंपाकघर. बाहेर दोन ट्रक उभे होते. भिंतीवर एका बाजूला 'अस्सल वऱ्हाडी जेवण' आणि दुसऱ्या बाजूला नूडल्सच्या वाटीचं भलंमोठं चित्र, ज्यातून वाफ भगव्या रंगात निघत होती. गल्ल्यावर मालकीणबाई स्वतः होत्या, पन्नाशीच्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला. एका टेबलावर ट्रकवाले बसले होते, दुसऱ्यावर एक जोडपं, बाकी हॉटेल आमचंच.

बाबांनी मेनूकार्ड हातात घेतलं आणि सातबारा वाचावा तसं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. पनीरचे सगळे प्रकार त्यांनी मनातल्या मनात वाचले. सूपांपाशी थांबून चष्मा पुसला. शेवटच्या पानावर पोचल्यावर कार्ड मिटून बाजूला ठेवलं आणि मालकीणबाईंना म्हणाले, "वांग्याची भाजी, पातोडीचा रस्सा, ठेचा अन् जवारीची भाकर."

"भाजी हाये, रस्सा हाये, ठेचाही देतो," बाई म्हणाल्या. "भाकर नाई भेटणार बाबाजी. भाकरी थापणारी बाई आज बीबी गावाले गेली. बहिणीच्या पोरीचा साखरपुडा हाये. तंदूर रोटी देऊ का?"

"मैद्याची?"

"मैद्याची."

बाबांना साखर आहे. रात्री एक ज्वारीची भाकर, एवढंच डॉक्टरांनी ठेवलेलं. मैदा बंद, भात बंद. बटाटा तर त्यांनी स्वतःच बंद केला, डॉक्टरांपेक्षा एक पाऊल पुढे असावं म्हणून. त्यांनी बाईंकडे बघितलं, नुसता रस्सा पिऊन झोपावं लागेल याचा हिशेब चेहऱ्यावर आला, आणि ते म्हणाले, "मंग राहू द्या. रस्सा द्या वाटीभर."

"असं कसं," बाई म्हणाल्या. त्या ओशाळल्या होत्या. "पीठ हाये, चूल पेटलेली हाये. मलेच भाकर जमत नाई, खोटं काऊन सांगू? माह्या हातानं गोल होत नाई, फाटते. तुमच्यातल्या कोणाले येत असन तं आत या, आपलंच घर समजा."

आई लगेच उठायला लागली आणि टेबलाचा कोपरा धरून तशीच अर्धी उभी राहिली. तिचे गुडघे गेलेत. बसली तर उठत नाही, उठली तर बसत नाही, आणि ती चूल खाली जमिनीवर होती. मी खुर्ची मागे सारली.

"तू बस," बाबा म्हणाले.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरी लेक माहेरी आली की तिला चुलीपुढे बसू देत नाहीत. मी डोणगावला गेले की आई मला भांडंसुद्धा विसळू देत नाही. सासरी करतेच आहेस, इथे पाय पसरून बस, असं म्हणते. मी चहा करायला उठले तरी बाबा हाक मारतात, "तिले बसू द्या ना बे थोडं." हा लाड आहे, मला आवडतोही. त्या दिवसापर्यंत मी त्यात दुसरं काही पाहिलं नव्हतं. बाबांच्या हिशेबाने आम्ही त्यांच्या जिल्ह्यात होतो, ते यजमान होते, मी माहेरवाशीण होते, आणि माहेरवाशिणीने उठून भाकरी थापायच्या म्हणजे यजमानाची शोभाच.

आई अर्धवट उभी होती, तशीच बोलली. "काऊन बसन ती? हे का तिचं माहेर हाये?"

बाबांनी मिटलेलं मेनूकार्ड उघडलं.

"सासर हाये का मंग?"

बाबांनी ते पुन्हा मिटलं.

"हॉटेल हाये," आई म्हणाली आणि धपकन खाली बसली. "उठू द्या तिले."

इतक्या वर्षांच्या निवाड्यांत असलं प्रकरण त्यांच्यापुढे कधी आलं नसावं. ते विचार करत होते तेवढ्यात मी आत गेले.

चुलीत तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणि बाभळीची लाकडं होती. मालकीणबाईंनी पिठाचा डबा समोर ठेवला, पाणी तापायला ठेवलं आणि स्वतः पलीकडच्या गॅसवर बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा गरम करत बसल्या. चुलीवर थापून मला बरीच वर्षं झाली होती, नाशिकला सगळं गॅसवरच. पहिली भाकर तव्यावर टाकताना मधून चिरली. बाई काही बोलल्या नाहीत, ती त्यांनी बाजूला ठेवून घेतली, कुत्र्याला होईल म्हणून. पीठ चांगलं होतं, ताजं दळलेलं. गरम पाणी घालून तळहाताने मळायला लागले की ज्वारीचं पीठ आधी अजिबात ऐकत नाही आणि मग एकदम ऐकतं. दुसरी भाकर नीट जमली. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी केली, आणि ती टम्म फुगली.

"लेकरं किती तुम्हाले?" बाईंनी रस्सा ढवळत विचारलं.

"नाहीत."

"बरं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "त्या कोपऱ्यातलं लाकूड आत सारा, धूर करून राह्यलं."

मी लाकूड सारलं. माझ्या या उत्तरावर आजवर कोणी इतकं साधं बोललं नव्हतं. मला त्या बाई तिथेच आवडून गेल्या.

तिसरा गोळा हातात घेतला तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. माझ्या घरी बाबा जेवत नाहीत, रीत आहे म्हणून. त्यांच्या घरी मी रांधत नाही, लाड आहे म्हणून. मी मागे मागे जाऊन बघितलं, एखादा सण, एखादं आजारपण, आई गावाला गेली असेल असा एखादा दिवस. काही सापडेना. लग्न झाल्यापासून माझ्या बापाने माझ्या हातचा एक घास खाल्लेला नव्हता. मी इतकी वर्षं कॅनवर डोळे वटारत होते आणि इकडे दुसरं दारही बंद होतं, तेही प्रेमाने बंद केलेलं, त्यामुळे कधी दिसलंच नाही. मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच. कोणावर काढावा ते कळेना. मग पिठावर काढला. ती भाकर फार पातळ झाली.

तेवढ्यात मालकीणबाईंनी तयार झालेल्या दोन भाकरी उचलल्या आणि बाहेर घेऊन गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "ट्रकवाले आधीचे बसले हायेत, त्यायले भाकरीचा वास गेला. देल्ल्या."

म्हणजे बाबांच्या आधी माझ्या भाकरी एका अनोळखी ट्रक ड्रायव्हरच्या ताटात गेल्या. बाहेरून त्याचा आवाज आला, "काकू, अजून दोन." मला हसू आलं. मी चुलीपुढे मांडी घालून नीट बसले आणि हॉटेलचं काम करायला लागले. ट्रकवाल्यांना दिल्या. ते जोडपं रोटी सोडून भाकरीवर आलं, त्यांनाही दिल्या. शेवटी आमच्या ताटांपुरत्या थापून, पदराने तोंड पुसून, टोपलं घेऊन मी स्वतः बाहेर आले.

ताटं वाढलेली होती. कोणी सुरुवात केली नव्हती. मी बाबांच्या ताटात भाकर ठेवली आणि शेजारी उभी राहिले, वाढपी उभा राहतो तशी. बसायला हवं होतं, बसले नाही.

बाबांनी भाकरीला हात लावला नाही. आधी मालकीणबाईंना हाक मारली.

"पीठ कोणाचं?"

"हॉटेलाचं," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं पिठात काही निघालं. "कालच दळून आणलं बाबाजी."

"अन् चूल?"

"चूल माहीच हाये. काऊन?"

"काही नाई. इचारलं." बाबांनी मान डोलावली. पुरावा पुरेसा होता. लेकीचं घर नाही, लेकीचं पीठ नाही, लेकीची चूल नाही. हाताबद्दल रीतीत कुठे काही म्हटलेलं नव्हतं. ते त्यांनी मनात दोनदा तपासून घेतलं असावं, कारण त्यांची बोटं ताटाच्या काठावर थोडा वेळ तशीच होती. मग त्यांनी भाकर मोडली.

घास रश्श्यात बुडवून तोंडात घातला. चावला. दुसरा घातला. आई पापणी न हलवता त्यांच्याकडे बघत होती आणि नवरा आपल्या ताटाकडे. मीही बघत होते. खरं सांगायचं तर परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा मी कधी कोणाकडे इतकं रोखून बघितलेलं नाही.

बाबांनी उरलेली अर्धी भाकर उचलली, उजेडाकडे धरली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"लग्नाच्या आधी कड जाड राह्यची हिची," ते आईला म्हणाले. "मधी पापड अन् कडेले गोवरी."

"मंग," आई म्हणाली.

"आता सारखी हाये. कधी शिकली?"

ते मला विचारत नव्हते, आईलाही विचारत नव्हते. मी कधी शिकले ते मला माहीत होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, नाशिकच्या स्वयंपाकघरात, एकटीने, कोणी सांगायला नसताना.

बाबांनी ती भाकर संपवली आणि ताट किंचित पुढे केलं. मी दुसरी वाढली.

"एकच खाता ना तुम्ही रात्री," आई म्हणाली.

"आज दोन."

दुसरी संपताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही रोज हे खाता?"

"रोज नाही, मामा," तो म्हणाला. तो खोटं कधी बोलत नाही, सोयीचं असलं तरी. "आठवड्यातून दोन-तीनदा."

"आठवड्यातून दोन-तीनदा," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांचे किती आठवडे होतात ते त्यांनी मोजलं की नाही, मला माहीत नाही. ठेच्याचं बोट चाटून ते हळू आवाजात म्हणाले, "बरं हाये तुमचं."

मग मी बसले आणि जेवले. वांग्याची भाजी अति तिखट होती, तेल दोन बोटं वर आलेलं, आणि नूडल्सच्या चित्राखाली बसून आम्ही चौघं ती नाक पुसत खात होतो. ट्रकवाला जाताना आमच्या टेबलापाशी थांबला आणि बाबांना म्हणाला, "भाकरी मस्त होत्या काका. नवी बाई ठेवली वाटते यायनं." बाबांनी त्याला खाली-वर बघितलं आणि म्हणाले, "बाई नाई. लेक हाये माही." तो बिचारा माफी मागत गेला. मला त्यात माफी मागण्यासारखं काही वाटलं नाही.

त्या रात्री लॉजवर कोणी हा विषय काढला नाही, दुसऱ्या दिवशी परतताना गाडीतही नाही. आमच्या घरात अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत. बोललं तर त्यावर निकाल द्यावा लागतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आई आणि बाबा नेहमीप्रमाणे नाशिकला आले. मुक्काम काकांकडेच. सकाळी दारावरची बेल वाजली, मी दार उघडलं आणि पहिली नजर गेली ती कॅनवर. भरलेली होती, निळं झाकण घट्ट लावलेलं. मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. मग दुसऱ्या हाताकडे बघितलं. डबा नव्हता. तिथे एक कापडी पिशवी होती, तोंडाशी सुतळीने बांधलेली आणि बुडाशी पांढरी झालेली.

बाबा सरळ स्वयंपाकघरात आले. अकरा वर्षांत त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या आत पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. आईने चहाचं भांडं आधीच ओट्यावर घेतलं होतं, ती एका बाजूला सरकली. बाबांनी पिशवी ओट्यावर ठेवली, सुतळी सोडली आणि मला आत बघायला लावलं.

"आपल्या वावरातली जवारी हाये," ते म्हणाले. "पीठ माहं. तिखट-मीठ आईनं आणलं, ते तिचं." जरा थांबून त्यांनी शेगडीकडे पाहिलं. "गॅस जावईबापूचा. तो काही खाल्ल्या जात नाई."

निवाडा तयार करूनच आले होते. डोणगावहून नाशिकपर्यंतच्या रस्त्यात एकेक कलम लावून बघितलं असणार. मी परात काढली, पीठ घेतलं, तवा चढवला. बाबा स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले आणि कॅन त्यांनी पायाशी ठेवली.

ज्वारीच्या पिठाला गरम पाणी लागतं. मी पातेलं घेतलं, आणि नळाखाली धरताना माझा हात थांबला. आमचा नळ, आमचं पाणी. मी वळून बाबांकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. हे कलम त्यांच्याकडून सुटलं असेल यावर माझा विश्वास नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याच्या पाळीची भांडणं सोडवली, त्याला भाकर पाण्याशिवाय होत नाही हे ठाऊक नसेल का?

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. समोरच्या इमारतीवर कोणी रंगारी दोरीवर लटकून काम करत होता, त्याच्याकडे ते फार लक्ष देऊन बघत होते.

मी नळ सोडला. पातेलं भरेपर्यंत त्याचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता. पाणी उकळलं तसं मी ते पिठात ओतलं. बाबांनी मान वळवली नाही, आणि कॅन त्यांच्या पायाशी भरलेलीच होती.